जुनी स्कॉर्पिओ की जुनी एक्सयूव्ही ५००? खेड्यातल्या कुटुंबासाठी एक तुलना

कापूस आणि तूर विकून झाली की आमच्या दर्यापूर तालुक्यात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काही घरांत मोठ्या गाडीचा विषय हमखास निघतो. नवी गाडी आवाक्यात नसते आणि लहान गाडीत घर मावत नाही, म्हणून जुन्या बाजारातील महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० या दोन गाड्यांवर येऊन बहुतेकांचा विचार थांबतो. रेनॉची डस्टर आणि ह्युंदाईची क्रेटा यांची नावेही निघतात, पण त्या पाच आसनांच्या असल्यामुळे लवकरच मागे पडतात. माझ्या मते काही घरांच्या बाबतीत ही चूक होते आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहेच. गेल्या काही वर्षांत नात्यागोत्यातल्या लोकांसाठी अशा अनेक गाड्या पाहण्याचा, त्यांच्याखाली वाकून तपासण्याचा आणि काही वेळा नको म्हणून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्या अनुभवाच्या आधारे ही तुलना करीत आहे.

प्रथम कोणत्या काळातील गाड्यांविषयी आपण बोलत आहोत हे निश्चित केले पाहिजे. स्कॉर्पिओ २००२ पासून बाजारात असली, तरी आज विचारात घेण्याजोगी गाडी म्हणजे २०१४ मध्ये नव्या चेसिसवर आलेली. एक्सयूव्ही ५०० ही २०११ ते २०२१ या काळात विकली गेली आणि २०१८ मध्ये तिच्यात मोठा बदल झाला. दोन्ही गाड्यांत महिंद्राचे २.२ लिटरचे एमहॉक डिझेल इंजिन आहे. मात्र स्कॉर्पिओत ते आधी १२० अश्वशक्तीचे होते आणि नोव्हेंबर २०१७ नंतरच्या काही एस-७ आणि सर्व एस-११ मॉडेलांत १४० अश्वशक्तीचे झाले, तर एक्सयूव्हीत ते सुरुवातीपासून १४० आणि २०१८ नंतर १५५ अश्वशक्तीचे आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एस-२ आणि एस-३ या स्वस्त स्कॉर्पिओंमध्ये एमहॉक इंजिन नसून २.५ लिटरचे जुने ७५ अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले असे. बाहेरून पाहताना हा फरक पटकन लक्षात येत नाही, आणि भरलेल्या गाडीने चिखलदऱ्याचा घाट चढताना तो लक्षात येऊन उपयोग नसतो.

दोन्ही गाड्यांतील खरा फरक त्यांच्या बांधणीत आहे. स्कॉर्पिओची बॉडी शिडीसारख्या लोखंडी चेसिसवर बसवलेली असते आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. एक्सयूव्हीत चेसिस आणि बॉडी एकसंध असून ताकद पुढच्या चाकांना जाते. आपल्याकडील खडी उखडलेल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे चालूनही स्कॉर्पिओचा सांगाडा टिकतो. तिचे बुश, शॉकअप आणि बॉल जॉइंट झिजतात, पण ते काम तालुक्याच्या गावातील साधा मिस्त्रीही करू शकतो. एक्सयूव्हीचे सस्पेन्शन अधिक सुखावह आहे, वळणावर ती कमी कलते आणि मागच्या रांगेतील माणसाला कमी धक्के बसतात. परंतु त्याच खराब रस्त्यावर पुढच्या बाजूचे बुश झिजून खडखड सुरू झाली की ती दुर्लक्षिता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्चही जास्त येतो.

पावसाळ्यातील पांदण रस्त्यांविषयी आपल्याकडे एक समज आहे की स्कॉर्पिओ कोठेही जाते. हा समज मी स्वतः अनेक वर्षे बाळगला होता, परंतु काळ्या रेगडीत तो टिकत नाही. भिजलेली रेगड टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि मग मागची चाके फिरवणारी गाडी काय किंवा पुढची फिरवणारी काय, दोन्ही जागच्या जागी रुततात. मागे वजन नसलेल्या स्कॉर्पिओची चाके तर अधिक लवकर फिरू लागतात. जमिनीपासूनची उंचीही एक्सयूव्हीची २०० आणि स्कॉर्पिओची १८० मिलिमीटर आहे, म्हणजे कागदावर तरी एक्सयूव्हीच वरचढ ठरते. चारही चाकांना ताकद देणारी मॉडेले दोन्ही गाड्यांत होती, पण जुन्या बाजारात ती क्वचित मिळतात. तेव्हा शेतापर्यंत डांबरी किंवा खडीचा रस्ता नसेल, तर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत ट्रॅक्टरच कामी येणार हे गृहीत धरावे आणि चिखलाच्या कारणासाठी स्कॉर्पिओला जास्त किंमत मोजू नये.

लांबच्या प्रवासात मात्र एक्सयूव्ही निःसंशय उजवी आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून आपल्या भागातील कुटुंबे नाशिक-मुंबईपर्यंत स्वतःच्या गाडीने जाऊ लागली आहेत. त्या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी असली, तरी उंच आणि अरुंद स्कॉर्पिओ शंभराच्या पुढे वाऱ्याने आणि बाजूच्या ट्रकच्या झोताने हलते, आणि चालकाला स्टिअरिंगवर सतत लक्ष ठेवावे लागते. एक्सयूव्ही त्याच वेगाला स्थिर राहते आणि तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, तर स्कॉर्पिओला मागे ड्रम आहेत. वृद्ध माणसांच्या दृष्टीनेही एक्सयूव्हीत चढणे सोपे आहे; माझी आई गुडघ्याच्या दुखण्यामुळे स्कॉर्पिओत आधार दिल्याशिवाय चढू शकत नाही, आणि ही गोष्ट घरातील तरुण मुलांच्या लक्षात गाडी घेतल्यानंतरच येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी तडजोड करू नये असेच सांगेन. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची धडक चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. एक्सयूव्हीला ऑस्ट्रेलियातील चाचणीत २०१२ मध्ये चार तारे मिळाले होते. ती तेथे विकली जाणारी, जास्त एअरबॅग असलेली गाडी होती हे खरे, तरी दोन्ही बांधण्यांतील अंतर त्यातून कळते. स्कॉर्पिओच घ्यायची असेल, तर दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेले मॉडेलच पाहावे. तिच्या काही मॉडेलांत मागे समोरासमोरचे आडवे बाक असतात. लग्नकार्यात त्यांवर चार मुले बसवून नेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे; धडक झाल्यास त्या मुलांना धरून ठेवणारे काहीही नसते, याची जाणीव प्रत्येक पालकाने ठेवावी. समोर तोंड असलेली तिसरी रांग दोन्ही गाड्यांत मिळू शकते. मात्र एक्सयूव्हीत ती रांग उघडली की मागे दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते, म्हणून सात माणसे आणि सामान असा प्रवास असेल तर छतावर कॅरिअर लागतोच.

दुरुस्तीच्या प्रश्नावर मात्र तराजू पुन्हा स्कॉर्पिओकडे झुकतो, आणि खेड्यातील माणसासाठी हा प्रश्न सर्वांत जड आहे. स्कॉर्पिओचे सुटे भाग अंजनगाव, अकोट, परतवाडा अशा गावांतही सापडतात आणि तिचे इंजिन ओळखणारे हात जवळपास असतात. एक्सयूव्हीत इलेक्ट्रॉनिक भाग बरेच अधिक आहेत. तिचा डिस्प्ले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये बिघाड झाला, तर संगणक जोडल्याशिवाय दोष सापडत नाही आणि त्यासाठी अमरावती किंवा अकोला गाठावे लागते. क्लचचे काम निघाले, तर आडव्या बसवलेल्या इंजिनामुळे गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीही जास्त पडते. जुनी एक्सयूव्ही पाहताना चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर द्यावा. इंजिनाचा आवाज वाढूनही गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नसेल, तर क्लच संपत आला आहे असे समजावे आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागावा. हेच कारण आहे की त्याच वर्षाची एक्सयूव्ही स्कॉर्पिओपेक्षा मूळ किमतीच्या मानाने स्वस्त मिळते. घेणाऱ्याचा त्यात फायदा आहे, पण पुढे विकताना त्यालाही तोच उतार सोसावा लागतो.

आता डस्टरविषयी. ज्या घरात चार-पाचच माणसे आहेत आणि वर्षातून दोन लग्नांपुरतीच सात आसने लागतात, त्या घराने डिझेल डस्टर जरूर पाहावी. तिची जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर आहे, वजन कमी आहे, खड्ड्यांवरून ती ज्या शांतपणे जाते तशी या किमतीतील दुसरी गाडी मी पाहिलेली नाही, आणि ८५ अश्वशक्तीच्या मॉडेलचा ॲव्हरेज माझ्या ओळखीच्या गाड्यांत १६-१७ च्या आसपास मिळतो, जेथे स्कॉर्पिओ १२-१३ वर थांबते. तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो. तो ठराविक किलोमीटरनंतर किंवा ठराविक वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा, बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तो तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन उघडावे लागते. बेल्ट बदलल्याचे बिल मालकाकडे नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून चालावे. डिझेल डस्टर २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे सुटे भाग मागवून आठवडाभर थांबण्याची तयारीही हवी. क्रेटाचे २०१५ ते २०२० या काळातील १.६ लिटर डिझेल मॉडेल अत्यंत गुळगुळीत चालते, परंतु जुन्या बाजारात तिची किंमत फार चढी आहे. ज्यांचे येणे-जाणे मुख्यतः डांबरी रस्त्याने आहे, त्यांनीच तो जादा पैसा मोजावा.

कोणतेही मॉडेल ठरवले, तरी प्रत्यक्ष समोर उभ्या असलेल्या गाडीचा इतिहास त्याहून महत्त्वाचा ठरतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. येथील बोअरचे खारे पाणी रेडिएटरमध्ये ओतले गेले की आत क्षार साचतात, मार्ग अरुंद होतात आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधील सील) जाते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची टाकी उघडून पाहावी. पाणी रंगहीन किंवा गंजाच्या रंगाचे असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. त्याच खाऱ्या पाण्याने गाडी धुतली जात असल्यामुळे दरवाजांच्या खालच्या कडा आणि चेसिसचे जोडही खाली वाकून पाहावेत. एसीची परीक्षा सकाळी न घेता भर दुपारी, गाडीत माणसे बसवून घ्यावी.

आमच्या मोठ्या बाबांनी चार वर्षांपूर्वी शहरातील एका दलालाकडून गाडी घेतली, तेव्हा मीटर ६८ हजार किलोमीटर दाखवत होते. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद काढली असता, विक्रीच्या दोन वर्षे आधीच ती गाडी १ लाख ४० हजारांच्या पुढे गेली होती असे आढळले. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून अधिक दुःख त्यांना आपण फसवले गेलो याचे झाले आणि ते आजही त्या गाडीत बसायला नाखूष असतात. तेव्हापासून गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसची नोंद पाहिल्याशिवाय मी कोणालाही इसार देऊ देत नाही. ब्रेकचे पेडल, स्टिअरिंगचे कातडे आणि चालकाच्या सीटची झीज मीटरशी जुळते का, हेही पाहावे. टायरवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा शिल्लक दिसल्या तरी इतका जुना टायर समृद्धीवर नेऊ नये.

दिल्ली-हरियाणाच्या क्रमांकाच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण दिल्ली परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. अशा गाडीसाठी तेथील परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि नवी नोंदणी हे सर्व करावे लागते. तो खर्च आणि हेलपाटे जमेस धरले की बचत बरीच आटते. नोंदणीची १५ वर्षेही मोजावीत: २०१४ ची गाडी २०२९ मध्ये फिटनेस तपासणीला उभी करावी लागेल, आणि त्यानंतरची मुदत पाच-पाच वर्षांचीच मिळते. कर्जाचा बोजा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) असेल, तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आल्याखेरीज व्यवहार पुढे नेऊ नये.

माझ्या धाकट्या भावाने गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला. त्याच्या घरी सहा माणसे आहेत, आई त्याच्याकडे राहते आणि मुलीच्या शिक्षणासाठी दर पंधरा दिवसांनी नागपूरला जावे लागते. त्याला मी २०१८ नंतरची, एकाच मालकाची एक्सयूव्ही सुचवली, कारण त्याचा प्रवास हमरस्त्याचा आहे आणि दुरुस्तीसाठी अमरावती त्याच्या वाटेवरच पडते. त्याच्या शेजारी राहणाऱ्या, मेळघाटच्या पायथ्याशी शेती असलेल्या मित्राला मात्र एअरबॅग असलेली स्कॉर्पिओच घेण्यास सांगितले. दोघांनाही एक अट घातली: मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी किमतीतील काही रक्कम, आरसीवर नवे नाव चढून येईपर्यंत, विक्रेत्याच्या लेखी संमतीने स्वतःकडे राखून ठेवावी आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.