नवा फुल-फ्रेम की आजोबांचा फिल्म कॅमेरा?

फोंड्याच्या भाच्याने विचारलं, "मामा, माणसांचे फोटो शिकायचेत. नवा फुल-फ्रेम घेऊ, की आजोबांचा फिल्म कॅमेरा चालवू?"

फुल-फ्रेम म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) असलेला डिजिटल कॅमेरा. खर्च आधी. घरातला कॅमेरा फुकट वाटतो, पण रोल, धुलाई, स्कॅन धरा. 36 फोटोंत रोल संपतो. फुल-फ्रेमचा फटका एकदाच, पण जबर. मी सेकंड-हँड क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरचा डिजिटल कॅमेरा) आणि 50 मिमी एफ 1.8 लेन्स, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, घेईन. लहान सेन्सरवर ती फुल-फ्रेमवरच्या साधारण 75-80 मिमी लेन्ससारखी, म्हणजे जरा जवळून, दाखवते, चेहऱ्याला छानच.

शिकण्यात डिजिटल पुढे. चूक तिथल्या तिथे दिसते. रोल धुऊन येईपर्यंत उजेड कुठून होता तेच विसरायला होतं. उजेड जास्त पडल्याची चूक मात्र कलर निगेटिव्ह (रंगीत फिल्म) जास्त सोसते. डिजिटलमध्ये पांढरी साडी एकदा जळली, म्हणजे जास्त उजेडाने कोरी पांढरी झाली, की तपशील गेलाच.

पण खरा फरक आईला घरातल्या शिंपल्यांच्या (काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या) खिडकीशेजारी बसवलं तेव्हा दिसला. उजेड गाळून येत होता, सुरकुत्या मऊ झाल्या. तिने मान जराशी वळवली आणि नाकाची सावली ओठांवरून सरकली. हे कुठल्याही कॅमेऱ्यात टिपता आलं असतं, अगदी मोबाइलमध्येसुद्धा!

टिकण्याचं म्हणाल तर आपल्या पावसाळ्यात बुरशी दोन्ही लेन्सना धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.

लग्नांची कामं घ्यायची असतील, अंधाऱ्या हॉलमध्ये शूट करायचं असेल, तर फुल-फ्रेम. घाई नसेल, समोरच्याशी गप्पा मारत मोजके फोटो काढायचे असतील, तर फिल्म. भाच्याला सध्या खिडकी आणि आजी पुरे.