नव्या गाडीच्या रंगाखाली लपवलेली दुरुस्ती

नवी गाडी ताब्यात घेतल्यानंतर पाचव्या आठवड्यात मला कळले की तिचा मागचा डावा दरवाजा माझ्या हाती येण्यापूर्वीच ठोकून सरळ केलेला, लांबी (म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी) भरलेला आणि पुन्हा रंगवलेला होता. हे कळायला पाच आठवडे लागले, याला विक्रेत्याची लपवाछपवी जितकी कारणीभूत होती तितकेच माझे अज्ञानही होते. त्या अज्ञानाचा फायदा नेमका कोणत्या क्षणी आणि कसा घेतला गेला, हे नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असावे, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

गाडी सकाळी मिळणार होती. आदल्या दिवशी फोन आला की कागदपत्रांचे थोडे काम राहिले आहे, तेव्हा संध्याकाळी यावे. मी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि गाडी शोरूमच्या आत, छतातल्या मंद पसरट दिव्यांखाली उभी होती. ती नुकतीच धुतलेली असल्याने बोनेटवर आणि दरवाजांवर पाण्याचे थेंब तसेच होते आणि त्या गडद राखाडी मेटॅलिक रंगावर ते फार सुंदर दिसत होते. रंगावरच्या बारीक ओरखड्यांत पाणी भरले की ते ओरखडे जवळजवळ दिसेनासे होतात आणि पसरलेल्या मऊ प्रकाशात पृष्ठभागाचे बहुतेक दोष झाकले जातात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. टेबलावर सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा होता. त्यातल्या एका कागदावर ‘गाडीची बाहेरून तपासणी केली असून रंग व पत्रा निर्दोष स्थितीत मिळाला’ असे छापलेले होते. गाडीभोवती एक फेरीही न मारता मी त्यावर सही केली. पुढचा सगळा वाद या एका सहीपाशी येऊन अडत राहिला.

त्याच दिवशी, रंगाच्या संरक्षणासाठी म्हणून, वेगळे पैसे घेऊन गाडीवर सिरॅमिक कोटिंग केलेले होते. कोटिंगचा थर अतिशय पातळ असतो. त्याने दोष दुरुस्त होत नाही, आणि खालचा रंग तपासून, गरज असल्यास पॉलिश करून मगच तो चढवायचा असतो. एकदा तो चढला की खालचा ओरखडा काढण्यासाठी आधी तो थरच घासून काढावा लागतो. गाडी ताब्यात येण्याआधी, रंग आपल्या डोळ्यांनी न पाहता कोटिंगला होकार देऊ नये, असे मला आता ठामपणे वाटते.

पहिली शंका चौथ्यांदा गाडी धुतली तेव्हा आली. सकाळचे तिरपे ऊन होते आणि मी मायक्रोफायबरच्या फडक्याने डाव्या बाजूचे पाणी टिपत होतो. पुढच्या दरवाजावरून मागच्या दरवाजावर हात आला तसा स्पर्श बदलला. पुढचा दरवाजा काचेसारखा गुळगुळीत होता, तर मागच्या दरवाजाच्या खालच्या भागात मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असे दोन-तीन खडे फडक्याला अडकत होते. मी चार पावले मागे जाऊन तिरप्या कोनातून पाहिले. समोरून दोन्ही दरवाजे एकाच रंगाचे दिसत होते, पण बाजूने पाहिले की मागचा किंचित काळसर वाटे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात आणि फवारणी करताना ते ज्या पद्धतीने पहुडतात त्यावर रंगाची छटा कोनानुसार बदलते. त्यामुळे हाताने पुन्हा रंगवलेला पत्रा समोरून जुळला तरी बाजूने वेगळा दिसू शकतो. मग मी दरवाजा उघडून कडेच्या रबर बीडिंगवरून नख फिरवले. तिथे वाळलेल्या रंगाची खरखरीत भुकटी होती, आणि दरवाजाच्या आतल्या कडेवर, जिथे रंग बाहेर जाऊ नये म्हणून मास्किंग टेप लावलेली असणार, तिथे रंगाचा एक स्पष्ट उंचवटा नखाला लागत होता.

त्याच दिवशी मी विक्रेत्याकडे गेलो. प्रथम सांगण्यात आले की नव्या गाडीचा रंग ‘बसायला’ काही महिने लागतात. हे साफ खोटे आहे. कारखान्यात पत्र्याला विद्युत पद्धतीने गंजरोधक थर दिला जातो आणि तो साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट येतो आणि तोही 140 अंशांच्या आसपास भाजून पक्का केला जातो. कारखान्यातून बाहेर पडतानाच तो रंग पूर्ण वाळलेला आणि कडक झालेला असतो. दुसरे उत्तर होते, हा उन्हाचा भास आहे. तिसरे उत्तर फार गोड शब्दांत आले: “साहेब, तुमच्या समाधानासाठी आम्ही संपूर्ण गाडी मोफत पॉलिश करून देतो, तुम्ही निर्धास्त राहा.” मी हो म्हणालो. त्या क्षणापर्यंत मी फक्त एका सहीपुरता चुकलो होतो. या होकाराने मी पुरावा त्यांच्या हाती सोपवला आणि त्याआधी एक छायाचित्रसुद्धा काढले नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा झळकत होती. खडे गेले होते, टेपची कड घासून सपाट केलेली होती, रबरावरची भुकटी पुसलेली होती. दोन वेळा धुतल्यावर मात्र आधी नव्हते असे दोष उघडे पडले. उन्हात बोनेटवर इंद्रधनुषी झाक असलेले लांब, वळणदार पट्टे दिसू लागले. फिरत्या यंत्राने, खरखरीत पॅड आणि कंपाऊंड (रंग घासणारी दाट पेस्ट) वापरून घाईने पॉलिश केले आणि नंतर बारीक पॉलिश दिले नाही, की असे पट्टे राहतात. पहिले काही दिवस ते दिसत नाहीत, कारण पॉलिशमधले तेल आणि भरणी करणारे घटक त्या चरांमध्ये बसलेले असतात; धुतल्यावर ते निघून जातात. शिवाय पाणी आता गोल थेंबांत न उभे राहता पत्र्यावर पसरून बसू लागले, म्हणजे ज्या कोटिंगचे मी वेगळे पैसे भरले होते तेही या मोफत पॉलिशमध्ये निघून गेले होते. याची कल्पना मला कोणी दिली नव्हती.

यानंतर मी ओळखीच्या एका जुन्या, अनुभवी डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी गाडी पाहून काहीच मत दिले नाही. आधी रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र काढले, त्यासोबतच्या नमुना पट्टीवर ते तपासून घेतले आणि प्रत्येक पत्र्यावर पाच ठिकाणी टेकवून आकडे मला लिहून घ्यायला लावले. छप्पर 112 ते 120 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पुढचा डावा दरवाजा 115 ते 124, उजवी बाजू त्याच्या आसपास. मागच्या डाव्या दरवाजावर आकडे 240 वरून 310 वर गेले आणि खालच्या एका ठिकाणी यंत्राने 640 दाखवले. त्या दरवाजामागच्या पत्र्यावर कडेला 190 आणि वर जाताना हळूहळू 130 असा उतार होता. छटा जुळवण्यासाठी शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत नेला की असा उतार मिळतो. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारणपणे 90 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो. त्याच्या दुपटीच्या पुढे आकडा गेला की वरून आणखी रंग चढला असण्याची दाट शक्यता असते आणि पाचशे-सहाशेच्या पुढे गेला की बहुधा रंगाखाली लांबी असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जाडीचा आकडा एकटा फसवणूक सिद्ध करत नाही. कारखान्यातही रंगात धुळीचा कण बसला किंवा ओघळ आला तर तो पत्रा तिथेच दुरुस्त केला जातो आणि तिथली जाडी वाढलेली मिळते. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधे यंत्र चालत नाही, आणि बंपर बहुतेकदा वेगळा रंगवला जात असल्याने त्याची छटा किंचित वेगळी असणे हा दोष मानता येत नाही. बोनेट ॲल्युमिनियमचे असेल तर लोखंडाखेरीज इतर धातूही मोजू शकणारे यंत्र लागते. रंगाच्या पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर असते, तीही थोड्याफार प्रमाणात कारखान्याच्या रंगात असतेच. संशय घ्यायचा तो शेजारच्या दोन दरवाजांवरची लहर एकमेकींपासून वेगळी दिसली तर. माझ्या बाबतीत निर्णायक ठरले ते दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट. इतर तीन दरवाजांच्या बोल्टवरचा रंग अखंड होता. या दरवाजाच्या दोन बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग पान्याने सोललेला होता आणि आतला धातू चमकत होता. कारागीर एवढेच म्हणाले, “दरवाजा उतरवलाय. पॉलिश करणाऱ्यांनी सगळं पुसलं, बोल्ट विसरले.”

मी त्यांना विचारले की इतका नीट रंगवलेला दरवाजा वाईट कशासाठी म्हणायचा. त्यांचे उत्तर मला पटले. तयार गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक आणि रबर असल्यामुळे तिला कारखान्याच्या तापमानाला भाजता येत नाही. बाहेरच्या रंगकामाचा कक्ष साधारण 60 अंशांवर चालतो आणि म्हणून वेगळ्या जातीचा, हार्डनर मिसळून वाळणारा रंग वापरावा लागतो. चांगल्या हाताचे काम अनेक वर्षे टिकते, पण खालची तयारी कशी झाली हे वरून कळत नाही. लांबीत ओल शिरली तर पुढे फुगवटे येतात, आणि गंजाविरुद्धची हमी मागायची वेळ आली की कंपनी या दुरुस्तीवर बोट ठेवू शकते. बोनेटबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला जास्त लागले. क्लिअर कोट सहसा 35 ते 50 मायक्रॉनच असतो, उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो, आणि त्यांचे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते. तेव्हा त्या मोफत पॉलिशमध्ये त्यातला किती गेला आणि किती उरला, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आकड्यांचा तक्ता, बोल्टची जवळून काढलेली छायाचित्रे आणि तारखांसह सगळा घटनाक्रम मी विक्रेत्याला लेखी पाठवला आणि त्याची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीला दिली. विक्रेत्याचे पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे आले: निर्दोष स्थितीची सही तुमचीच आहे, आणि दुरुस्ती झाली असलीच तर ती कारखान्यात झाली असेल. मी कंपनीला एकच प्रश्न विचारला, की या चासी क्रमांकाच्या गाडीवर कारखान्यात रंगाची दुरुस्ती झाल्याची नोंद आहे का, आणि उत्तर लेखीच हवे असे कळवले. नोंद नसल्याचे उत्तर आले. त्यानंतर विक्रेत्याने मान्य केले की साठवणुकीच्या आवारात गाडी हलवताना ती खांबाला घासली होती. गाडी बदलून मिळाली नाही, कारण नोंदणी माझ्या नावावर होऊन गेली होती आणि गाडी मी वापरत होतो. कोटिंगचे पैसे परत मिळाले, नुकसानभरपाई म्हणून काही रक्कम मिळाली, आणि दरवाजाच्या रंगाची व गंजाची वाढीव हमी लेखी मिळाली. त्यातली हमी मी हट्टाने मागून घेतली होती, कारण रकमेपेक्षा तीच पुढे उपयोगी पडणारी होती.

गाडी घ्यायला निघालेल्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ती दिवसाउजेडी, उघड्यावर आणि पूर्ण कोरडी असतानाच पाहावी, आणि नोंदणी आपल्या नावावर होण्याआधी पाहावी. संध्याकाळची वेळ दिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो असे सांगावे. पत्र्याच्या जवळ डोळा नेऊन, त्यात दिसणाऱ्या खिडकीच्या चौकटीचे किंवा विजेच्या तारेचे प्रतिबिंब सरळ आहे का ते प्रत्येक दरवाजावरून पाहावे. मोबाइलच्या टॉर्चचा एकाच बिंदूतून येणारा प्रकाश टाकून गोल जाळीसारखे ओरखडे दिसतात का ते पाहावे. दरवाजे, बोनेट आणि डिकी उघडून कडा, रबर आणि बोल्ट तपासावेत. जाडी मोजणारा जाणकार सोबत नेता आला तर फारच उत्तम. पाऊण तासाचे काम आहे. काही आढळले तर ते ताब्याच्या कागदावरच, सहीच्या वर, स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नये. तोंडी आश्वासनावर “नंतर करून देऊ” हे मान्य करू नये. दोष उशिरा लक्षात आला, तर छायाचित्रे आणि मोजमापे होईपर्यंत गाडीला कोणालाही पॉलिश करू देऊ नये, मग ते फुकट असो वा किती का अगत्याने देऊ केलेले असो. सगळेच दोष भांडण्याजोगे नसतात. धुळीचा एखादा कण किंवा नखाला न लागणारा ओरखडा जाणत्या हाताने बारीक पॉलिशने निघतो. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र पॉलिशने जात नाही, तो फक्त काही दिवस झाकला जातो.

जाडीच्या आकड्यांचा तो तक्ता, कंपनीचे पत्र आणि बोल्टची छायाचित्रे मी गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवली आहेत. पुढे कधी ही गाडी विकली, तर घेणाऱ्याने विचारण्याआधी ती मी त्याच्यासमोर ठेवणार आहे.