पर्वतीच्या पायऱ्यांवर तीन नाडीमापक

तळजाईच्या सपाट वाटेवर सकाळी सावकाश पळत असताना माझ्या मनगटावरच्या घड्याळाने नाडीचा आकडा १६४ दाखवला. त्या वेळी मी शेजारून पळणाऱ्या मित्राशी, मध्ये कुठेही धाप न लागता, त्याच्या मुलीच्या दहावीच्या अभ्यासाबद्दल बोलत होतो. वय ५१ असलेल्या माणसाची नाडी खरोखरच १६४ वर गेली असेल तर त्याच्या तोंडून एकेका शब्दापलीकडे काही निघणार नाही, हे मला अनुभवाने ठाऊक होते. म्हणून मी थांबलो, गळ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवली आणि १५ सेकंदांत ठोके मोजले. ते भरले ३३, म्हणजे मिनिटाला १३२. पुन्हा त्याच वेगाने पळू लागलो आणि या वेळी पावले मोजली. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल ४१ वेळा पडले, म्हणजे दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १६४ पावले झाली. घड्याळ माझ्या हृदयाऐवजी माझे पाय मोजत होते.

हे घड्याळ कोणत्या कंपनीचे होते ते सांगण्यात अर्थ नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नसून मोजण्याच्या जागेचा आहे. मनगटावरची यंत्रे त्वचेवर बहुधा हिरवा प्रकाश टाकतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्तवाहिन्यांत रक्त भरते, ते अधिक प्रकाश शोषते, आणि परत येणाऱ्या प्रकाशातील या सूक्ष्म चढउतारांवरून यंत्र ठोके ओळखते. हाताची हालचाल नसेल तर ही पद्धत उत्तम चालते. खुर्चीत बसलेले असताना किंवा झोपेत माझ्या घड्याळाचा आकडा बोटांनी मोजलेल्या नाडीशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. पळताना मात्र हात प्रत्येक पावलागणिक झुलतो, घड्याळ त्वचेवर किंचित सरकते, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि या सगळ्या गोंधळात पावलांची लय ठोक्यांपेक्षा अधिक ठळक दिसू लागली की यंत्र तीच लय खरी धरते. थंडीत त्वचेतील रक्तप्रवाह कमी होतो, मनगटावर गोंदलेले असते, पट्टा सैल असतो. अशा वेळी अडचण आणखी वाढते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून घट्ट बांधले तर बराच फरक पडतो, आणि हा उपाय फुकटचा असल्याने नवीन यंत्र विकत घेण्याआधी प्रत्येकाने तो करून पाहावा. मी तो केला. चालताना घड्याळ सुधारले, पळताना नाही.

त्यानंतर मी छातीचा पट्टा घेतला: पोलर कंपनीचा एच १०. पोलर ही फिनलंडमधील औलू शहराजवळच्या केम्पेले या गावातली कंपनी. औलूचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी ती १९७७ साली स्थापन केली, आणि तिच्या मुळाशी बर्फावरून लांब पल्ल्याने घसरत जाणाऱ्या खेळाडूंची नाडी त्यांना न थांबवता मोजण्याची गरज होती. जाड हातमोजे आणि गोठवणारी थंडी यांत गळ्याला बोटे लावून ठोके कोण मोजणार? १९८२ मध्ये त्यांचा छातीच्या पट्ट्यावरून मनगटावरच्या यंत्राकडे बिनतारी आकडा पाठवणारा नाडीमापक बाजारात आला, आणि आजचे सगळे पट्टे त्याच कल्पनेवर चालतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला असलेले इलेक्ट्रोड हृदयाचा प्रत्येक ठोका सुरू करणारा विद्युत संकेत टिपतात. ईसीजी काढताना जे घडते त्याचेच हे लहान रूप आहे. त्यामुळे हात झुलला, मनगट वाकले किंवा डंबेल्स घट्ट धरले, तरी मोजणीला सहसा धक्का लागत नाही.

तिसरे यंत्र माझ्या पत्नीसाठी घेतले. छातीभोवती पट्टा आवळून घेणे तिला मान्य नव्हते, आणि व्यायामाच्या अंतर्वस्त्राच्या खालच्या कडेशी तो पट्टा काचतो ही अनेक स्त्रियांची तक्रार रास्त आहे. तिच्यासाठी दंडावर बांधायचा पोलर व्हेरिटी सेन्स निवडला. तोही प्रकाशावरच चालतो, म्हणजे त्याचे तत्त्व घड्याळाचेच आहे, फरक जागेचा. दंडावर किंवा कोपराच्या खालच्या मांसल भागावर हाडे आणि शिरा यांची मनगटासारखी गर्दी नसते, तिथे हालचाल कमी असते, आणि कापडी पट्टा त्वचेला सगळीकडून सारखा टेकून राहतो.

एका रविवारी ही तिन्ही यंत्रे एकदम अंगावर चढवून मी पर्वतीच्या पायथ्याशी उभा राहिलो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या या परीक्षेसाठी फार सोयीच्या आहेत. पायऱ्या रुंद आणि उतरत्या असल्याने पाऊल एकसारखे पडत नाही, चढ दोन मिनिटांच्या आत संपतो, आणि नाडी झपाट्याने वर जाऊन वर पोहोचताच तितक्याच झपाट्याने खाली येते. यंत्राची खरी कसोटी अशा बदलाच्या क्षणीच लागते. एकाच वेगाने तासभर चालणाऱ्याला कोणतेही यंत्र बरोबर वाटेल. घरी आल्यावर तिन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. खाली उभा असताना तिन्ही यंत्रांवर ८८ ते ९० असा आकडा होता. शेवटच्या पायरीवर छातीचा पट्टा १५६ सांगत होता, दंडावरचा १५३, आणि घड्याळ १२१ वर होते. कठड्याला टेकून मी श्वास घेत होतो तेव्हा घड्याळाचा आकडा हळूहळू वर चढत गेला आणि १५० ला पोहोचला. तोवर छातीच्या पट्ट्यावरचा आकडा १३८ पर्यंत उतरला होता. म्हणजे मी विसावा घेत असताना घड्याळाच्या मते माझी खरी मेहनत चालू होती. पाच फेऱ्यांत हे पाच वेळा घडले. ज्याला ठरावीक ठोक्यांपर्यंत जोर लावून मग सावकाश व्हायचे आहे, म्हणजे इंटरव्हल पद्धतीचा व्यायाम करायचा आहे, त्याला असा उशिरा येणारा आकडा निरुपयोगीच नव्हे तर दिशाभूल करणारा ठरतो.

मग सर्वांनी छातीचाच पट्टा घ्यावा का? तसे मी म्हणणार नाही, कारण पट्ट्याबरोबर रोजची थोडी उठाठेव घरात येते आणि ती ज्याला जमणार नाही त्याचा पट्टा महिन्याभरात कपाटात जातो. इलेक्ट्रोड कोरडे असतील तर संकेत मिळत नाही. बांधण्यापूर्वी त्यांना पाण्याचा हात लावावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची सकाळ इतकी कोरडी असते की सुरुवातीची पाच-सात मिनिटे, घाम येईपर्यंत, आकडा अधूनमधून भलतीच उडी घेतो. त्यात वाऱ्याने फडफडणारा कृत्रिम धाग्याचा टीशर्ट असेल तर त्याच्या घर्षणातून निर्माण होणारी वीजही संकेतात मिसळते. यावर पाणी अधिक लावणे किंवा ईसीजीसाठी मिळते ते जेल बोटभर लावणे, एवढाच इलाज. पावसाळ्यात मात्र ही अडचण उरत नाही. जुलैच्या सरींत चिंब भिजून सिंहगड चढताना माझ्या पट्ट्याने एकदाही दगा दिलेला नाही.

दुसरी गोष्ट धुण्याची. घामातील मीठ इलेक्ट्रोडवर साचत जाते आणि पट्टा हळूहळू निकामी करते. म्हणून प्रत्येक वापरानंतर तो साध्या पाण्याखाली खळबळून, न पिळता, सावलीत वाळत घालावा. त्याआधी मधला डबीसारखा सेन्सर पट्ट्यापासून सोडवून ठेवायचा, हे सर्वांत महत्त्वाचे. ओला पट्टा सेन्सरला जोडलेलाच राहिला तर इलेक्ट्रोडमधल्या ओलाव्यामुळे सेन्सरला तो अंगावरच आहे असे वाटते, तो जागा राहतो आणि बटन सेल विनाकारण संपतो. एच १० मध्ये सीआर २०२५ हा सेल लागतो, तो घड्याळजीकडे किंवा किराणा दुकानातही सहज मिळतो, आणि कंपनी त्याचे आयुष्य सुमारे ४०० तास सांगते. दंडावरच्या यंत्रात सेल नसतो, ते चार्ज करावे लागते. ज्याच्या घरात आधीच चार चार्जर लटकत आहेत त्याला याचे काही वाटणार नाही. मला मात्र वर्षानुवर्षे चार्ज न करता चालणारी वस्तू अधिक आवडते.

खरेदीपूर्वी यंत्र कशाशी जोडायचे आहे ते पाहणे आवश्यक आहे, आणि दुकानात याची नीट माहिती क्वचितच मिळते. ब्लूटूथ असेल तर फोनशी आणि बहुतेक नव्या घड्याळांशी जोडणी होते. सायकलवर बसवण्याची संगणक-यंत्रे आणि गार्मिनची बरीच घड्याळे अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीनेही संकेत घेतात. जिममधील अनेक ट्रेडमिल मात्र ५ किलोहर्ट्झचा जुना संकेतच ओळखतात. एच १० या तिन्ही प्रकारे आकडा पाठवतो आणि ब्लूटूथवर एकाच वेळी दोन ठिकाणी जोडता येतो, म्हणून मी फोनवर नोंद ठेवत असतानाच ट्रेडमिलच्या पडद्यावरही नाडी पाहू शकतो. पोहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: ब्लूटूथचा संकेत पाण्यातून जेमतेम काही इंच जातो. पोहताना आकडे यंत्राच्याच स्मृतीत साठवून नंतर फोनवर उतरवण्याची सोय असेल तरच त्याचा उपयोग. एच १० मध्ये एका सत्रापुरती ती सोय आहे. पण भिंतीवर पाय मारून वळताना छातीचा पट्टा खाली सरकतो, त्यामुळे तलावात दंडावरचे यंत्रच बरे.

यंत्र बरोबर असले तरी आकड्याचा अर्थ लावताना घोटाळा होतो, आणि त्याला बहुधा २२० उणे वय हे सर्वत्र चिकटवलेले सूत्र कारणीभूत असते. जिमच्या भिंतीवरच्या तक्त्यांपासून फोनवरच्या ॲपपर्यंत सगळे तेच वापरतात. या सूत्राने माझी कमाल नाडी १६९ येते. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या २०८ उणे वयाच्या सात दशांश या सूत्राने ती १७२ येते. आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेल्या ट्रेडमिल चाचणीत ती प्रत्यक्षात १७८ भरली. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात, आणि एकेका माणसाची नाडी त्या सरासरीपासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे असणे अगदी सामान्य आहे. मी फिनलंडच्याच मार्टी कार्वोनेन यांची पद्धत वापरतो: कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा करायची, उरलेल्या आकड्याचे हवे तेवढे टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी माझी नाडी ५६ असते, तेव्हा ७० टक्के जोराला माझा आकडा १४१ येतो. ॲपमध्ये हे आकडे स्वतः भरता येतात. ते न भरता केलेली महागडी खरेदी अर्धी वाया जाते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या चालू असणाऱ्यांची नाडी व्यायामातही फारशी वर चढत नाही, त्यामुळे त्यांना ही सूत्रे लागूच पडत नाहीत. त्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी कोणताही पट्टा घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

किमतीचे म्हणाल तर चांगल्या छातीच्या पट्ट्याच्या पैशांत साधे स्मार्ट बँड दोन-तीन तरी येतात, आणि पावले, झोप व संदेश ही कामे ते बँड करतात, पट्टा करत नाही. ज्यांचा व्यायाम म्हणजे संध्याकाळी बागेत पाऊण तास चालणे आणि सकाळी सूर्यनमस्कार एवढाच आहे, त्यांनी हे पैसे वाचवून बरे बूट घ्यावेत. मनगटावरचा बँड त्यांना पुरेल. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉनसारख्या चढाच्या शर्यतीची तयारी करणाऱ्याला किंवा आठवड्यातून दोनदा इंटरव्हल करणाऱ्याला मी छातीचा पट्टाच सुचवेन. ज्यांना पट्टा काचतो, जे पोहतात, किंवा जे व्यायामशाळेत वजने उचलतात पण घड्याळ मनगटाशी अडखळते, त्यांच्यासाठी दंडावरचे यंत्र.

अगदी स्वस्त, नाव न ऐकलेला छातीचा पट्टा घेण्याचा मोह मलाही झाला होता आणि मी तो एकदा पुरवलाही. तो मोजायचा बरोबर, पण चार महिन्यांत त्याचे रबर सैल पडले, आणि सुटा पट्टा वेगळा मिळतच नसल्याने सेन्सर चांगला असूनही सगळेच टाकून द्यावे लागले. त्यामुळे दुकानदाराला पहिला प्रश्न सुटा पट्टा मिळतो का, हाच विचारावा. माझ्या एच १० चा सेन्सर तिसऱ्या वर्षात आहे. पट्टा मागच्या दिवाळीत बदलला, सेल दोनदा बदलला. जुने घड्याळही मनगटावर आहेच, फक्त पळताना मी त्यात वेळ तेवढी पाहतो.