रसायनशास्त्राच्या संज्ञांची कार्डं: घेण्याआधी ‘क्षार’ काढून बघा

नववी-दहावीच्या मुलांसाठी निघालेला हा कार्डसंच. पुढे संज्ञा, मागे व्याख्या आणि एक उदाहरण. कार्डं जाड आहेत, लॅमिनेट केलेली आहेत, अक्षर ठळक आहे. छपाईबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती भाषांतराची, आणि ती किरकोळ नाही.

संच मुळात हिंदीत तयार झालेला दिसतो. हिंदीतला ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. इथे दोन-तीन कार्डांवर हिंदी शब्द तसेच राहिलेत, त्यामुळे ‘पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू’ असं वाक्य सापडतं. बालभारतीचं पुस्तक वापरणाऱ्या मुलाचा इथे पायाच हलतो. पाण्याचा अणू नसतोच, रेणू असतो.

‘क्षार’चं कार्ड त्याहून वाईट. मागे लिहिलंय: ‘लाल लिटमस निळा करणारा, पाण्यात विरघळणारा पदार्थ’. हिंदीत हे चालेल, मराठीत ही अल्काची (इंग्रजीत alkali) व्याख्या झाली. आपल्याकडे क्षार (इंग्रजीत salt) म्हणजे आम्ल आणि आम्लारी (base, आम्लाला उदासीन करणारा पदार्थ) यांच्या उदासिनीकरणात पाण्याबरोबर तयार होणारा पदार्थ. खायचं मीठ हा क्षारच, आणि त्याच्या द्रावणात लिटमसचा रंग बदलत नाही. परीक्षेत कार्डावरची व्याख्या लिहिली तर गुण जाणारच.

‘आम्लारी’लाही लिटमसचीच कसोटी लावलीय, ती अपुरी आहे. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून लाल लिटमस लालच राहतो. तीच काळी पूड कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून ढवळली की विरघळते आणि कॉपर सल्फेटचं निळं द्रावण मिळतं. आम्लारीपणा दिसतो तो इथे. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणतात, एवढं एक वाक्य कार्डावर हवंच होतं.

‘संपृक्त द्रावण’ म्हणजे ज्यात तो पदार्थ आणखी विरघळत नाही असं द्रावण; त्याच्या व्याख्येत ‘त्या तापमानाला’ हे दोन शब्द गाळलेत. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, साखर सुमारे २०० ग्रॅम. पाणी तापवलं की साखर पुष्कळ जास्त विरघळते, मीठ जेमतेम थोडं. तापमान सांगितल्याशिवाय ही व्याख्या अर्धीच राहते.

‘मोल’, म्हणजे कणांची ठरावीक संख्या सांगणारं एकक, मात्र सुरेख जमलंय. ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात हा आकडा देऊन तिथेच न थांबता १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, असं दाखवलंय. चहाचे साडेतीन चमचे पाणी डोळ्यांसमोर येतं. मिठाच्या ५८.५ ग्रॅमला ‘रेणुवस्तुमान’ऐवजी ‘सूत्रवस्तुमान’ म्हटलंय, कारण मिठात सुटे रेणू नसतात. इतकी काळजी मोठ्या पुस्तकांतही क्वचितच दिसते. ‘सामू’च्या (pH) कार्डावर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हेही स्पष्ट आहे. ऑक्सिडीकरण, क्षपण, उत्प्रेरक ठीक.

दुकानात पाकीट उघडू देत असतील तर अणू, क्षार आणि आम्लारी ही तीन कार्डं आधी काढून वाचा. घेतलाच असेल तर चुकीच्या व्याख्येवर पांढरं स्टिकर चिकटवून बॉलपेननं दुरुस्ती करा. लॅमिनेटवर शाईपेन टिकत नाही. पाठांतराला बसताना अणू-रेणू, अल्क-आम्लारी, द्राव्य-द्रावक अशा जोड्या शेजारी ठेवा, कारण घोटाळा होतो तो नेमका या जोड्यांतच.