रिनेर की यामाशिता?

ज्युदोतला सर्वांत मोठा कोण, हा वाद निघाला की दोन नावं हटकून येतात: फ्रान्सचा टेडी रिनेर आणि जपानचे यासुहिरो यामाशिता.

पदकं मोजायची तर रिनेर. 2007 मध्ये अठरा वर्षांचा असताना पहिलं विश्वविजेतेपद, मग 2012, 2016 आणि 2024 ची वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदकं. लोकप्रियतेतही त्याचं पारडं जड. पॅरिस ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या दोघांपैकी तो एक. सलग 154 लढती जिंकलेल्या या गड्याला 2020 मध्ये जपानच्या कागेउराने रोखलं.

यामाशितांचं ऑलिंपिक सुवर्ण एकच. 1980 मध्ये जपानने मॉस्को स्पर्धेवर बहिष्कार घातला आणि ऐन भरातली संधी हुकली. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. पाऊल टेकताना होणारे हाल लपत नव्हते, तरी अंतिम लढतीत त्यांनी इजिप्तच्या रशवानला मॅटवर असं जखडलं की त्याला सुटताच आलं नाही. नंतर पदक घ्यायला चढताना आधाराचा हात रशवाननेच दिला!

म्हणून माझं मत यामाशितांना. 1977 पासून 1985 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांना कुणीच हरवू शकलं नाही.