38 हजारांचा ‘मुस्तफा’

पहिला वास आला तो मोगऱ्याच्या अगरबत्तीचा. भिवंडीच्या बाजूला एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं जुनं मशीन उभं होतं आणि त्याच्या डोक्यावर चार काड्या धुमसत होत्या. मला वाटलं, माणूस देवभोळा आहे. उंदराच्या मुताचा वास दाबायला ती अगरबत्ती होती, हे कळायला मला आठवडा लागला.

माझ्या वयाच्या लोकांना ‘मुस्तफा’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, कॅपकॉमचा, 1993 सालचा. पण त्यातल्या टोपीवाल्या गड्याच्या नावानेच तो आमच्याकडे चालला. शाळेमागच्या पार्लरमध्ये रुपयाला एक डाव मिळायचा. तो रुपया वडापावातून वाचवलेला असायचा, आणि कधी कधी वाचवलेलाही नसायचा. चाळिशी उलटल्यावर वाटलं, एक मशीन घरी असावं. बायकोने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

जाहिरात ऑनलाइन दिसली. ‘ओरिजिनल बोर्ड, ओरिजिनल पिक्चर ट्यूब, नाशिकच्या आमच्याच पार्लरमधलं.’ सोबत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात गेम आधीपासूनच रंगात आलेला होता. फोनवर विक्रेता अभिमानाने म्हणाला, “दादा, आतली बॅटरीसुद्धा 93 पासून बदललेली नाही. इतकं ओरिजिनल.” मी खूश झालो. खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. या गेमच्या मूळ बोर्डावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या सर्किटवर, एक छोटी बॅटरी असते. आवाजाचा प्रोग्राम कुलूपबंद असतो आणि त्याच्या किल्ल्या त्या बॅटरीच्या जोरावर टिकून राहतात. बॅटरी मेली की किल्ल्या पुसल्या जातात आणि बोर्ड धड चालत नाही. तीस वर्षं जुन्या बॅटरीवर ठणठणीत आवाज करणारा बोर्ड ही फुशारकी नव्हती, बोर्ड मूळ नसल्याची कबुली होती. मला ती नंतर वाचून समजली.

10 हजार यूपीआयने आगाऊ दिले. उरलेले 28 रोख. बिल नाही. गाळ्यात पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं. “तुमच्यासाठी गरम करून ठेवलंय,” म्हणाला. मागची फळी उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणे सील आहे, उघडलं की वॉरंटी जाते. तीस वर्षांच्या मशीनला वॉरंटी! आणि मी मान डोलावली. फळीचे स्क्रू कोरे, चकचकीत होते, हे डोळ्यांना दिसत होतं. पण मी स्क्रीनकडे बघत होतो, मुस्तफा गुंडांना लाथा घालत होता.

टेम्पोचे साडेचार हजार वेगळे. पुण्यात पार्किंगमध्ये उतरवलं, वायर जोडली आणि पहिल्यांदा मशीन बंद अवस्थेतून चालू होताना पाहिलं. स्क्रीनवर आली शेकडो गेमची यादी. चिनी मल्टीगेम बोर्ड, तळहाताएवढा. मुस्तफा त्या यादीत कुठेतरी होता, एवढंच काय ते खरं. ओळखीचे एक टीव्ही दुरुस्ती करणारे काका आहेत, त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “साहेब, हा बोर्ड माझ्या नातवापेक्षा लहान आहे.”

म्हटलं, ठीक आहे, बोर्डात फसलो, पण डबा तर जुना आहे, ट्यूब तर खरी आहे. साफ करून वापरू. फसवणूक किती खोल आहे ते त्या सफाईने दाखवलं.

मागची फळी काढली आणि मी पहिली चूक केली. घरातला ब्लोअर आत मारला. जे उडालं ते धूळ नव्हतं. सुकलेल्या लेंड्या, झुरळांचे पंख, त्यांच्या अंड्यांच्या तपकिरी पेट्या, एका पालीचा चामड्यासारखा सांगाडा, सगळं माझ्या चष्म्यावर, मिशीत, उघड्या तोंडात. दोनदा चूळ भरली, मग उलटी केली. बोटाला आधीच फळीने चिरा पडला होता. पावसाळ्याचे दिवस, उंदराचं मूत आणि उघडी जखम म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी मला झापलं आणि मग लेप्टोसाठी, म्हणजे उंदराच्या मुतातून होणाऱ्या तापासाठी, डॉक्सिसायक्लिन लिहून दिली. असली घाण कोरडी झाडायची नाही, ब्लोअर तर नाहीच. ब्लीचच्या पाण्याने आधी भिजवायची, थोडा वेळ थांबायचं, मग मास्क आणि हातमोजे घालून ओल्या कागदाने उचलायची.

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तळाशी उंदराचं घरटं होतं, डोक्याएवढं. चिमट्याने सोडवताना पाहिलं तर ते एका हिशेबाच्या वहीच्या कपट्यांचं. निळ्या शाईत 200, 500, ‘बाकी’, पुन्हा 500. रुपयाला एक डाव देणाऱ्या पार्लरमध्ये पाचशेची उधारी कोण ठेवतो? मला काही कळेना. घरटं पिशवीत भरलं आणि पुढे गेलो.

ट्यूबला मी हात लावला नाही. मशीन बंद असलं तरी तिच्यात हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. काका आले, स्क्रूड्रायव्हरला अर्थिंगची वायर बांधून रबरी टोपीखाली सारली, ‘टक्’ आवाज झाला, मग म्हणाले, आता पुसा. ट्यूब धूळ ओढून घेते. काचेवर आणि मागच्या वायरींवर काजळीसारखा थर होता, त्यात सिगारेटचं डांबर मुरलेलं. अल्कोहोल फवारलं की पिवळे-तपकिरी ओघळ खाली यायचे, काळ्या चहासारखे. चौथ्या फडक्यानंतर काच स्वच्छ झाली आणि काका थांबले. टॉर्चचा उजेड तिरका पाडून म्हणाले, “हे बघा.”

काचेत, आतून, पाच चौकोन एका रांगेत. जळून कायमचे उमटलेले. वर्षानुवर्षं एकच चित्र राहिलं की ट्यूबवर असा डाग बसतो. पाच चौकोन म्हणजे पाच पत्ते. मुस्तफाचं नव्हे, हे पत्त्यांच्या जुगाराचं मशीन. स्क्रीन चालू असताना तो डाग रंगांखाली झाकला जातो. म्हणून तर माझ्यासाठी मशीन ‘गरम करून’ ठेवलं होतं.

मग मी पिसाटल्यासारखा एकेक गोष्ट उघडत गेलो. कंट्रोल पॅनलवरचं नवंकोरं स्टिकर सोललं, तर खाली पाच भोकं लांबी भरून बुजवलेली. पत्ते राखून ठेवायची पाच बटणं. समोर नाणं टाकायची झकास खाच होती, तिचं दार उघडलं तर मागे नुसता प्लाय. नाणं जायला वाटच नव्हती, कारण या मशीनमध्ये नाणं कधी पडलंच नव्हतं. बाजूच्या सनमायकावर किल्लीचं एक भोक बुजवलेलं सापडलं. पैसे मालकाच्या हातात द्यायचे, तो किल्ली फिरवून क्रेडिट चढवायचा. उंदराच्या घरट्यातली वहीही मग समजली.

आणि पॅनलची खालची बाजू. लिहू की नको असं वाटतंय. नव्या बटणांच्या बाजूला जुन्या लाकडावर बोटभर जाड काळा चिकटा होता. घाम, वडापावचं तेल, तंबाखू, पानाची पिंक, सगळं मिळून खरवडल्यावर वडीसारखं निघत होतं. त्यात केस. कडेला चिकटवलेले च्युइंगगमचे गोळे, एकावर दातांचे ठसे शाबूत. कुणीतरी हरत असताना ते तिथे दाबलं असणार. पोरांच्या हाताची घाण मी आनंदाने काढली असती, मी स्वतः त्यात भर घातलेली आहे. ही घाण अनोळखी होती.

विक्रेत्याने दोन दिवस “बघतो दादा” केलं, मग नंबर बंद. चौकीत गेलो. बिल नाही, करार नाही, वस्तू तर मिळाली आहे, दिवाणी बाब आहे, असं सांगितलं. एकाने विचारलं, जुगाराचं मशीन तुमच्या पार्किंगमध्ये आहे का? महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे, हे मला तिथेच कळलं. मी फोटो दाखवले, बोर्ड दाखवला, पण घाम फुटायचा तो फुटलाच.

खरं मशीन घ्यायचं असेल त्याने ते थंड असताना बघायला जावं. काचेला हात लावून बघावा, गार असली तरच पुढचं बोलणं. बंद काचेत तिरका उजेड पाडावा. मग समोर चालू करायला लावावं. मागची फळी स्वतः उघडावी, नाणं टाकून ते कुठे पडतं ते ऐकावं. आणि वास घ्यावा, जवळ जाऊन, नाक खुपसून. उंदराचा आला तर भाव पाडा, अगरबत्तीचा आला तर परत फिरा.

जाहिरात मी दोनदा रिपोर्ट केली. परवा पुन्हा दिसली. तोच व्हिडिओ, काचेत तेच हिरव्या पडद्याचं प्रतिबिंब. किंमत आता 42 हजार.