ओपनस्टॅक्सचं केमिस्ट्री आणि रंकाळ्याचं पाणी : दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

जूनपासून बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवायला ओपनस्टॅक्सचं 'केमिस्ट्री २ई' वापरतोय. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाचं हे पुस्तक फुकट मिळतं, पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते लायसन्स. क्रिएटिव्ह कॉमन्सचं 'सीसी बाय'. मूळ लेखकांचं श्रेय द्या, मग मजकूर कापा, जोडा, मराठीत करा, वाटा.

ते करावंच लागलं. हजारावर पानांची पीडीएफ पोरांच्या मोबाइलवर अडकते, उदाहरणांत मधूनच गॅलन नि फॅरनहाइट. धडे सुटे करून व्हॉट्सॲपवर टाकले, सोबत मराठी टिपा. टायट्रेशनच्या (थेंबथेंब द्रावण घालून मोजायच्या) भागात उदाहरणाच्या जागी सरळ आमच्या कोल्हापूरचा रंकाळा तलाव घातला : पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती?

पहिल्या खेपेला फजिती. पोरांनी संध्यामठाजवळून प्लॅस्टिकच्या बाटल्या अर्ध्याच भरल्या नि गाडीवर हिंदकळत आणल्या. ऑक्सिजनचे आकडे इतके झकास की रंकाळा ओंजळीनं प्यावा! बाटलीतल्या हवेतला ऑक्सिजन वाटेतच पाण्यात मिसळला होता. बाटली कशी भरायची ते मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. मग विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत नीट वाचली गेली. ३०० मिलीची काचेची बाटली काठोकाठ, बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथंच तळ्याच्या काठावर घालायचं. तपकिरी साका धरला की ऑक्सिजन अडकला. बाकी आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च लॅबमध्ये.

पुढचा घोळ जास्त मजेचा. दुपारचा आकडा सकाळपेक्षा वर! "सर, पाणी तापलं की ऑक्सिजन कमी विरघळतो, पुस्तकात तसंच हाय की." खरंच तसं आहे. चार दिवस डोकं खाजवल्यावर कुणीतरी शेवाळाचं नाव काढलं : दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री नुसतं घेतं. मग पहाटे सर्वांत कमी निघायला हवा. दोघं साडेपाचला बाटल्या घेऊन गेले. निघाला.

कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोगही वापरले. बरीच मराठीत आहेत, एकदा उतरवली की नेट लागत नाही. ब्युरेटवर (थेंब सोडायच्या खुणांच्या नळीवर) हात मात्र त्यानं बसत नाही.

तक्रारी आहेतच. एकेका धड्याला माझे दोन-दोन रविवार जातात. या सगळ्याला पेपरात एक मार्क नाही, त्यामुळं परीक्षा आली की पोरं गाईडकडं पळतात. थायोसल्फेटचं बिल ऑफिसात अजून पडून आहे.

तरी पुढच्या वर्षी पंचगंगेचं पाणी घेणार. तेही दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यात घाटच पाण्याखाली असतो.